चिठ्ठ्यांचे टिळे

माझ्या सासऱ्यांशी मी हुंड्यावरून, पदरावरून, भाजीतल्या मिठावरून कधी भांडले नाही. आमची भांडणं व्हायची ती शब्दांवरून. कागदाच्या कोपऱ्यात ‘ऊन’ लिहायचं की ‘उन्हाळा’, यावर आम्ही दोघांनी एक अख्खी दुपार घालवलेली आहे. शेजारीण पीठ मागायला आली होती, ती आमचे आवाज ऐकून रिकामी वाटी घेऊन परत गेली.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी लग्न होऊन नागपूरला सक्करदऱ्यात आले होते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. आमच्याकडे तीच रीत. मामाजींचं मूळ गाव पारशिवनीकडचं. शेती धाकटा भाऊ पाहायचा आणि हे स्वतः एका कापड गिरणीच्या स्टोअरमध्ये सुटे भाग सांभाळायचे. मी घरात आले तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. घरात बसून करायचं काय, तर चिठ्ठ्या लिहायच्या.

एका बाजूनं छापलेला कुठलाही कागद त्यांना चालायचा. सिनेमाची जाहिरात, निवडणुकीचं पत्रक, कॅलेंडरचं फाटलेलं पान. पोस्टकार्डाएवढे तुकडे करायचे आणि कोऱ्या बाजूवर एक गोष्ट लिहायची. एकच. ‘मागच्या दाराची फळी पावसात फुगते. रंधा मारू नये, थंडीत आपोआप बसते.’ ‘गव्हात कडुनिंबाचा पाला वाळवूनच टाकावा, ओला टाकला तर जाळी होते.’ असं साधं, सरळ, दागिना न घातलेलं मराठी. मला ते फार आवडायचं. मी बी. ए. झाले होते आणि कॉलेजात निबंध लिहून लिहून माझी भाषा फुगली होती. तिला त्या चिठ्ठ्यांनी जरा उतार पडला.

लिहिणं सोपं होतं. अडचण सापडण्याची होती. मामाजी चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात शब्द लिहायचे, म्हणजे पुढे शोधताना कळावं. पण एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत. गव्हाच्या त्या चिठ्ठीवर त्यांनी ‘गहू, धान्य, कीड, पाला, कडुनिंब, कोठी, उन्हाळा’ असे सगळे शब्द लिहिले होते. खाली मजकूर दोन ओळींचा आणि वर सतराशे साठ शब्द!

मी म्हटलं, “मामाजी, हे कपाळ आहे का भिंत? कपाळाले टिळा एकच लावतात.”

ते हसले नाहीत, पण शब्द त्यांनी उचलला. त्या दिवसापासून आमच्या घरात कोपऱ्यातल्या शब्दाला ‘टिळा’ हे नाव पडलं.

एकच टिळा ही माझी अट त्यांनी लगेच मानली नाही. ती मानायला लावली कूलरनं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस वेडा होतो, आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्या दरवर्षी नव्या लागतात. चांगल्या ताट्या करून देणारा एक माणूस मामाजींना सापडला होता. त्याचा पत्ता त्यांनी लिहून ठेवला होता. मे महिन्यात खोकं उघडलं. ‘कूलर’ टिळ्याखाली पाहिलं, नाही. ‘उन्हाळा’, नाही. ‘ऊन’, नाही. ‘गवत’ही पाहून झालं. तो उन्हाळा आम्ही मागच्या वर्षीच्या सडक्या ताट्यांवर काढला. घरभर कुबट वास. चिठ्ठी सापडली ती पावसाळ्यात, ‘खस’ या टिळ्याखाली. वाळ्यालाच बाजारात खस म्हणतात.

आत्याबाई म्हणाल्या, “तुमी दोघं बसा कागदाले टिळे लावत. मले त्याचं दुकान ठाऊक होतं. मले कोनी विचारलंच नाही!”

आत्याबाई अंगानं लहानशा आणि आवाजानं मोठ्या. खोक्याच्या धंद्यात त्या कधी पडल्या नाहीत. आठवण ही कागदावर ठेवायची चीज आहे, हेच त्यांना कबूल नव्हतं.

त्या पावसाळ्यात आम्ही सगळं खोकं पालथं घातलं. शर्टाच्या आत येणारे जाड पुठ्ठे कापून पाट्या केल्या. प्रत्येक पाटीवर ठळक अक्षरात एक टिळा आणि तिच्यामागे त्या टिळ्याच्या चिठ्ठ्या. एका वस्तूला एकच शब्द, भावंडं नकोत. ‘ऊन’, ‘उन्हाळा’, ‘कूलर’, ‘खस’ हे सगळे एका ‘उन्हाळा’त गेले. अगदीच नड असली तर चिठ्ठीला दोन टिळे, तिसरा कधीही नाही. नवा शब्द सुचला म्हणून लगेच पाटी करायची नाही. तीन-चार चिठ्ठ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या तरच. मामाजींना ‘इतर’ नावाची एक पाटी हवी होती. मी सपशेल नाही म्हटलं. ‘इतर’ म्हणजे घरातला उकिरडा. एकदा जागा दिली की सगळे तिथंच टाकतात. यावर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, पण पाटी झाली नाही.

त्यांचा स्वतःचा नियम मात्र एकच होता आणि तो माझ्या सगळ्या नियमांपेक्षा वरचढ होता. दाराच्या फळीच्या चिठ्ठीला मी ‘दार’ असा टिळा लावला. त्यांनी तो खोडून ‘पाऊस’ लिहिला.

“काहून?” मी चिडून विचारलं. “दाराचीच गोष्ट आहे ना थे?”

“गोष्ट दाराची आहे वं. पन मले हे कागद कधी लागन? पाऊस लागला, दार अडकलं, तवा लागन.” मग त्यांनी स्टोअरमधली गोष्ट सांगितली. “फिटर माह्याकडे येऊन ‘अमक्या नंबरचं चाक द्या’ कधीच म्हनत नव्हता. ‘माग बंद पडला’ म्हनत धावत ये. म्या रॅकवर वस्तूचं नाव लिहिलंच नाही कधी. काय बिघडलं का हे लागते, थे लिहून ठेवलं. चीज काय आहे हे नाही पाहाचं. कोनत्या येळी आपन तिच्यापाशी धावत येनार, थे पाहाचं.”

मला ते पटलं. पटलं हे मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही, तो भाग वेगळा.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मुलं झाली, एका खोक्याची तीन खोकी झाली. मग एका कार्तिकात, सकाळी मामाजी अंगणात दाढी करायला बसले होते, तेव्हा आरसा फुटल्याचा आवाज आला. मी बाहेर धावले. ते खुर्चीत कलंडले होते, अर्ध्या गालाला साबण आणि तोंड एका बाजूला ओढलेलं.

लकवा. काही दिवस दवाखान्यात काढून आम्ही त्यांना घरी आणलं. उजवा हात गेला होता आणि बोलणं गेलं होतं. समज सगळी होती. डोळे तर पूर्वीपेक्षा जास्त टोकदार झाले होते. आपण बोललो की कळायचं. लांब मजकुरात नजर हरवायची, पण एखादा ठळक शब्द दाखवला तर ओळखायचे. मधल्या खोलीत ऊन यायचं म्हणून त्यांची लोखंडी खाट तिथं टाकली. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसायचं.

पहिले एकदोन दिवस त्यांनी माझ्या हातून पेज घेतली. मग तोंड मिटलं. चमचा ओठाला लावला की मान फिरवायचे. आम्ही पेज बदलली, दूध दिलं, मऊ वरण-भात केला, शिरा केला. नाही म्हणजे नाही. पाणी तेवढं घ्यायचे. गल्लीतले डॉक्टर रोज येऊन पाहायचे. त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. असंच चाललं तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात आता शरीर फार ताण सोसणार नाही. पोटात अन्न गेलं तर माणूस राहील.

त्यांना काहीतरी सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. डाव्या हातानं खाटेची कड वाजवायचे, घशातून आवाज काढायचे. आम्ही विचारत सुटायचो. उशी हवी का? दुखतं का? खिडकी लावू का? प्रत्येक प्रश्नाला ते डोळे मिटून घ्यायचे. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना.

एका सकाळी मी खोक्यांमधल्या पाट्या काढल्या आणि ताटात मांडून त्यांच्यासमोर धरल्या.

माझा नवरा म्हणाला, “बाबा मरून राह्यले अन् तू पत्ते मांडून राह्यली?”

मी लक्ष दिलं नाही. मामाजींनी पाट्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. डावं बोट एकेका पाटीवरून फिरायला लागलं. ‘पाऊस’वरून गेलं, ‘उन्हाळा’वरून गेलं, ‘ताप’वर जरा अडखळलं, पुढे गेलं आणि ‘पाहुणे’ या पाटीवर येऊन थांबलं. मी पाट्या गोळा करून पुन्हा वेगळ्या क्रमानं लावल्या. पुन्हा ‘पाहुणे’.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. त्यांना माणसं भेटायला हवी आहेत! आपलं काही खरं नाही असं वाटत असेल, एकदा सगळ्यांना डोळे भरून पाहायचं असेल. नवऱ्यानं त्याच दिवशी निरोप धाडले. पारशिवनीहून मामाजींचे धाकटे भाऊ आणि आत्याबाईंच्या जाऊबाई आल्या. मौद्याहून नणंद आली, पोरं घेऊन. मग भावाचे व्याही, गिरणीतले जुने सोबती, गावची माणसं. घर भरून गेलं. येणारा प्रत्येक जण खाटेपाशी मोठ्यानं रडायचा आणि मग चहा घेता घेता लकव्यानं गेलेल्या ओळखीच्या माणसांच्या गोष्टी सांगायचा, त्यांच्यादेखत. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं.

मामाजींनी भिंतीकडे तोंड केलं. पेजेचं नाव नाही. मी घाबरून पुन्हा पाट्या धरल्या, तर बोट पुन्हा ‘पाहुणे’वर, आणि या वेळी इतक्या जोरात की ताट हातातून निसटलं. आता राहिलं कोण? नवऱ्यानं अमरावतीच्या मावशीलाही कळवलं. ती आली, तिच्याबरोबर आणखी तिघं आले.

त्या दुपारी मला सगळ्यांचाच राग आला होता. नळीसाठी दवाखान्यात न्यायचं उद्यावर आलं होतं. मी पाट्या घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसले आणि स्वतःलाच शिव्या घालत विचार करायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात गोष्टीला तिच्या नावानं टिळा लावला नाही, तो आज ‘पाहुणे’ म्हणतोय म्हणजे पाहुणेच म्हणतोय, असं मी कसं धरलं? दारासाठी ज्यानं ‘पाऊस’ लिहिलं, तो ‘पाहुणे’ दाखवून भलतंच काही मागत असणार.

मी पाट्या एकेक करून पाहिल्या. घरातल्या माणसांच्याही पाट्या होत्या. ‘सूनबाई’ होती; तिच्यामागे मी कशानं चिडते याच्या चिठ्ठ्या होत्या, त्या मी पूर्वीच वाचून काढल्या होत्या. माझ्या नवऱ्याची ‘मोठा’ होती, नणंदेची ‘ताई’ होती. आत्याबाईंची पाटी नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. पण नवल तरी काय? त्या पिढीतल्या माणसानं बायकोचं नाव कधी तोंडानं घेतलं होतं? ‘अवं’ म्हणायचे, ‘ऐकून राह्यली का’ म्हणायचे, कुणाला सांगायचं असेल तर ‘घरची’ म्हणायचे. तोंडानं न घेतलेलं नाव कागदावर लिहायला ते लाजले असणार. मग बायकोविषयी काही लिहून ठेवावंसं वाटलं तर ते कुठं ठेवत होते?

ते विचारल्याबरोबर मला आठवलं. कधीतरी त्यांनी लिहिलं होतं, ‘घरात माणसं असली की ही उपाशी राहते. विचारलं तर जेवले म्हणते. समोर बसवून जेवू घालावे.’ त्या चिठ्ठीला मी ‘जेवण’ टिळा लावायला निघाले होते आणि ते नको म्हणाले होते. पाहुणे आले की मले हे आठवलं पाह्यजे, म्हणाले होते. ती चिठ्ठी शोधून काढायची मला गरजही पडली नाही. मी पाट्या तिथंच टाकून स्वयंपाकघरात गेले.

आत्याबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. परातीतलं पीठ संपत आलेलं, बाजूला उष्ट्या ताटांचा ढीग. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे घसरत होत्या.

“आत्याबाई, तुमी जेवल्या का?”

“जेवन नं मंग.”

“काल जेवल्या होत्या?”

त्यांनी भाकरी उलटली. “चहा घेतला होता वं. सुरुवातीले दोन चमचे पेज घेतली, थे काही जेवन नोहे. आता तर त्याइच्या पोटात काहीच नाही, मी कशी जेवू? थे जेवले का मी जेवन. आजवर कधी आधी जेवली का मी?”

नवऱ्याच्या आधी बायकोनं जेवायचं नाही, म्हणून त्या जेवत नव्हत्या. आणि खाटेवरून सरळ स्वयंपाकघर दिसत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाढून ही बाई नुसता चहा पिऊन उठते, हे तो माणूस रोज पाहत होता आणि ती जेवल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणून त्यानं तोंड मिटलं होतं. ती त्याच्यासाठी थांबली होती, तो तिच्यासाठी थांबला होता. आणि आम्ही शहाणे वर आणखी पाहुणे बोलावत होतो, म्हणजे तिला आणखी भाकरी थापायला लावत होतो.

मी ताट वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात. म्हटलं, “चला, मामाजीजवळ बसून जेवा.”

“बाप्पा! येडी झाली का? त्याइच्या आधी? अन् त्याइच्यासमोर? इतक्या लोकाइत?”

“हो.”

“पाप लागते वं पोरी.”

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडले, सगळं घर ऐकेल असं. तुमच्या पुण्यानं तो माणूस मरून राह्यला आहे, कळते का तुम्हाले? तुमी जेवत नाही म्हणून थे जेवत नाही! सासूला असं बोलण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. नणंद उठून आली, चुलत सासरे खाकरले. मी कुणाकडे पाहिलं नाही. आत्याबाईंचा हात धरून त्यांना मधल्या खोलीत आणलं, खाटेला लागून जमिनीवर बसवलं आणि ताट पुढ्यात ठेवलं. बाकीच्यांना म्हटलं, बाहेर व्हा. कसे कोण जाणे, पण सगळे बाहेर झाले.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाटेकडे पाठ करून बसल्या. नवऱ्याच्या तोंडासमोर घास घेणं त्यांना जमेचना. मागून मामाजींनी डाव्या हातानं खाटेची पट्टी वाजवली. त्या हलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा वाजवली. थांबले आणि पुन्हा वाजवली, तेव्हा आत्याबाई बसल्या जागी हळूहळू वळल्या.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाल्ला. रडत होत्या, पण खात होत्या. मामाजी एकटक पाहत होते. दुसरा घास, तिसरा. अर्धी भाकर पोटात गेली तेव्हा मामाजींनी एक मोठा श्वास सोडला आणि तोंड उघडलं.

मी पेजेची वाटी आणायला उठले. तेवढ्यात त्यांनी हात लांबवून आत्याबाईंच्या ताटाची कड पकडली. आत्याबाई घाबरल्या. “अवो, उष्टं आहे माह्यं!” जन्मभर त्या त्यांच्या ताटात जेवल्या होत्या, उलटं कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी ताट मागे ओढलं. मामाजींनी सोडलं नाही.

मग आत्याबाईंनी त्याच ताटातला वरण-भात त्याच हातानं कालवला आणि त्यांना भरवला.